क्रँकमधला पाव

क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकायला लागली, तेव्हाच मला कळलं की पायलट बुश गेला.

ज्यांनी कधी जुनी गाडी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. इंजिनच्या पोटात जो मोठा दांडा फिरतो तो क्रँकशाफ्ट. त्याच्या मागच्या टोकाला, बरोब्बर मधोमध, एक भोक असतं. बोटाची दोन पेरं जातील एवढं खोल, त्यापुढे भरीव पोलाद. त्या भोकात ब्राँझची एक जाड अंगठी ठोकून बसवतात, तिला म्हणतात पायलट बुश, आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचं नाक त्या अंगठीत टेकलेलं असतं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे व्हायला हवेत. बुश कोरडा पडून दांड्याला चिकटला की ते वेगळे होत नाहीत. काडीमोड होऊनही एकाच घरात राहणाऱ्या नवराबायकोसारखे एकमेकांना ओढत राहतात. एवढीशी वस्तू, पण तिच्यापायी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं.

मी जिल्ह्याच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत म्हातारी झाले. त्यामुळे बाबांची जुनी शेव्हरोलेट अंगणातून आपणहून निघाली तेव्हा मी घाबरले नाही, वैतागले. ती सरकली सहा नंबरच्या दिशेनं. पण आमच्या अंगणाला उतारच त्या बाजूला आहे. तेव्हा त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

सहा नंबर म्हणजे तांब्याच्या खाणीची सहावी विहीर. खाण बंद होऊन जमाना झाला. बर्च लोकेशनमध्ये, म्हणजे आमच्या खाणवस्तीत, आता चार गल्ल्या उरल्यात, त्यात बर्फाला आणि एकमेकांना कंटाळलेली म्हातारी माणसं, आणि झाडांच्या वर डोकं काढून उभा असलेला सहा नंबरचा लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या टोकाला एक मोठं चाक आहे. त्यावरून दोर जायचा आणि दोराला माणसांचा पिंजरा टांगलेला असायचा. दोर कंपनीनं जाताना भंगारात घातला. चाक गंजून जागच्या जागी बसलं. वाऱ्यावादळात आमच्याकडची छपरं उडतात, पण ते चाक हललेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी दुसरीत होते तेव्हा जुहानुसच्या, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सहा नंबर आतून ढासळली. खाली दोघं राहिले. एक माझे बाबा, ओन्नी लाहती, आणि दुसरा त्यांचा जोडीदार डिगरी ट्रेंबाथ. कंपनीनं सांगितलं, दोघं जागीच गेले. मग विहिरीच्या तोंडावर काँक्रीटचं झाकण टाकलं, वास आणि वाफ निघून जायला त्यात एक लोखंडी नळी ठेवली, आणि विषय संपवला. माझ्या आईनं, इम्पीनं, तो कधी संपू दिला नाही. ती म्हणायची की झाकण पडत होतं तेव्हा खालून ठोके येत होते. तीन आणि एक.

हे ठोके आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात. खाणीत घंटा वाजवून वरच्या माणसाला इशारा द्यायची पद्धत होती. तीन म्हणजे पिंजऱ्यात माणसं बसली आहेत. त्यानंतर एक वाजला तर वर ओढा. दोन वाजले तर खाली सोडा. आई दर वर्षी त्या दिवशी बाबांची गाडी काढायची, झाकणापर्यंत न्यायची आणि हॉर्न वाजवायची. तीन आणि एक. मग घरी येऊन बटाटे सोलायला घ्यायची. हयातभर तिनं हे केलं. मागच्या हिवाळ्यात ती गेली. जमीन गोठलेली असल्यामुळे तिला मे महिन्यापर्यंत दफनभूमीच्या कोठडीत ठेवावं लागलं, मग पुरलं.

आणि तिची माती अजून बसलीही नव्हती तोच माझा सख्खा भाऊ रेइनो, आमच्या गावसभेचा प्रमुख, सही करून मोकळा झाला की सहा नंबर तळापासून काँक्रीटनं भरून टाकायची. दिवस कुठला, तर तोच. जुहानुसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी स्पष्ट सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बाबा जागीच गेले असणार असंच मला वाटत आलं होतं. माझं भांडण वेगळं होतं. ते जागीच गेले हे खाली जाऊन बघितलं कुणी? कुणीच नाही. आता दोराला कॅमेरा बांधून खाली सोडता येतो, दोन तासांचं काम असतं. आधी बघा, मग काय बुजवायचं ते बुजवा, एवढंच मी म्हणत होते. गावसभेनं माझा अर्ज वाचून बाजूला ठेवला. मग मी रेइनोला सांगून टाकलं की त्या सकाळी बाबांची गाडी झाकणावर उभी असेल आणि गाडीत मी असेन. ओता काँक्रीट.

रेइनो माझ्या स्वयंपाकघरात कॉफीचा कप धरून बसला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"झाकण जुनं आहे, सिल्वी. खचलं तर?"

"तर तुला एका खड्ड्यात तिघं मिळतील. काँक्रीट वाचेल."

"तू ना, आईच्या वर गेलीस."

"बाबा गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. तुला काय, एक नाव फक्त. मला त्यांच्या बुटांचा आवाज आठवतो."

त्यानं कप उचलून उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाला की त्यालाही हे कुठंतरी संपवायचंय, आणि त्याच दिवशी संपवलं तर निदान एकच तारीख लक्षात ठेवावी लागेल. उठताना त्यानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं आणि जरा हसला. ही तर चालतही नाही, म्हणाला. मला खरं तर तेच झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी मी सौनामागच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरामागच्या, शेडमध्ये साखळीनं इंजिन पुढून बाहेर काढलं, लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं, क्लच आणि क्रँकवरचं जड चाक, फ्लायव्हील, सोडवलं. क्रँकचं टोक उघडं पडलं. बुश पाहिल्याबरोबर ओळखला. तो कारखान्यातून आलेला नव्हता. कारखान्याचा बुश सच्छिद्र असतो, तेल पिऊन बसतो आणि लागेल तसं सोडतो. हा भरीव होता. बाबांनी खाणीच्या लेथवर, खाणीच्याच तांब्यात कथील मिसळून ओतलेल्या तुकड्यातून घडवला होता. कडेला त्यांनी कोरलेली बारीक चांदणीही होती. ते आपल्या प्रत्येक हत्यारावर ती कोरायचे. मला क्षणभर तो काढू नये असं वाटलं. पण तो पार कोरडा पडला होता, आणि त्या सकाळी गाडी चालायलाच हवी होती.

असा बुश काढायची आमच्याकडची रीत म्हणजे पाव. हसण्यासारखं वाटतं, पण चालतं. बुशच्या भोकातून ओला पाव आत कोंबायचा, त्याच भोकात नेमकी बसेल अशी लोखंडी कांब घालायची आणि हातोडी मारायची. पावाला पुढे जायला जागा नसते, मागे यायला वाट नसते, मग तो बुशलाच पाठीमागून ढकलतो. ग्रीस वापरणारेही आहेत, पण ग्रीस तोंडावर उडतं. दोन-तीन फोडींत काम होतं.

दुपारची वेळ होती. शेडचं मोठं दार सताड उघडं, ऊन आत आलेलं, बारीक काळ्या माश्या कानाशी भुणभुणत होत्या. मी दुकानचा पांढरा पाव भिजवून कोंबला, ठोकला, कोंबला, ठोकला. बुश हलला नाही. हातोडीला जो टणक धक्का लागायला हवा तो लागत नव्हता. कांब प्रत्येक वेळी मऊपणे आत जायची. फोडी संपल्या. मी घरातून राईचा पाव आणला. तोही गेला.

तेव्हा मी थांबले आणि पेन्सिल घेऊन भोकात घातली. पेन्सिल दोन पेरांवर टणकन पोलादाला टेकली. भोकात पावाचा कणही नव्हता.

आता क्रँकमध्ये तेलाच्या बारीक वाटा असतात, पण त्या या भोकाशी जोडलेल्या नसतात. तरी मी तडा शोधला. टॉर्च लावला, आरसा धरला. इंजिन पुन्हा साखळीनं उचलून खालचं तेलाचं भांडं सोडवलं आणि बोटांनी चाचपलं. तेल होतं, काजळी होती, एक जुना वॉशर सापडला. पाव नव्हता. टेबलावर पावाच्या दोन रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. मी त्या घडी करून ठेवल्या.

मी चिडले. भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव आहे. फ्रीजमध्ये होता नव्हता तो सगळा पाव मी शेडमध्ये आणून टाकला.

त्याच वेळी जोरी ट्रेंबाथ आला. डिगरीचा मुलगा. माझ्यापेक्षा थोडा मोठा, निवृत्त पोस्टमन, चालण्याची सवय न सुटलेला. तो विहीर बुजवायच्या बाजूनं होता आणि त्यानं ते कधी लपवलं नव्हतं. त्याच्या आईनं घरात नवऱ्याचं नाव काढू दिलं नाही, आणि त्याला आता शांत झोप हवी होती. मला वळवता येतं का बघायला तो आला होता. बाकड्यावर बसून त्यानं पिशवीतून पास्टी काढली. ही आमच्या खाणकामगारांची शिदोरी: कणकेच्या पोटात मांस, बटाटे, सलगम, आणि कडेला जाड मुरड. घरची बाई भाजण्याआधी प्रत्येकाच्या पास्टीच्या एका टोकाला काट्यानं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर टोचते, म्हणजे अंधारात कुणाची कुठली ते कळावं. आणि ते टोक खायचं नाही. खाणीत ते खालच्यांसाठी टाकून द्यायचे. खालचे म्हणजे कोण, हे कुणी विचारत नसे. जोरी आयुष्यात कधी खाणीत उतरला नव्हता, तरी टोक ठेवायचा.

तो खाता खाता माझं काम बघत राहिला. पाव आत जाताना, आणि पुन्हा जाताना. हळूहळू त्याचं चघळणं थांबलं.

"सिल्वी, हा पाव जातोय कुठं?"

"मला माहीत असतं तर मी इतका घातला असता का?"

"थांब आता. माझं ऐक, थांब."

मी म्हटलं, थांबायला मला वेळ नाही, तुम्ही लोकांनी तारीख ठरवली आहे. माझ्या हाताशी पाव उरला नव्हता. त्याच्या गुडघ्यावरच्या कागदात पास्टीचं टोक ठेवलेलं होतं, मुरड आणि 'जे' या अक्षरासकट. मी ते उचललं.

"ते नको," जोरी म्हणाला. "ते देणं असतं. पावाचं सोड, पण टोक भोकात घातलं की ते कुणीतरी घेतं."

"घेऊ दे. बिल रेइनोकडे पाठवायला सांग."

मी ते टोक चुरलं नाही, भिजवलंही नाही. बुशच्या भोकातून अंगठ्यानं दाबून आत घातलं, वर कांब लावली आणि सगळा राग हातात आणून हातोडी मारली.

या वेळी धक्का टणक लागला. मनगट झिणझिणलं.

मी परत मारली. बुश केसभर बाहेर आला. जोरी उठून दारापर्यंत गेला होता. तिथून तो म्हणाला की तो जातोय, आणि मी त्याच्या बापाच्या नावानं जे करते आहे ते त्याला बघायचं नाही. तो उन्हातून खाली उतरत गेला.

मी पुन्हा हातोडी उचलली, पण मारली नाही. कारण बुश येत होता. मी काहीही न करता तो आपला आपण, सावकाश, एकसारखा बाहेर सरकत होता. कांब त्याच्याबरोबर पुढे आली आणि जमिनीवर पडली. मग बुश पडला आणि चांदणीची बाजू वर करून थांबला. आणि त्याच्या मागून, भोक गच्च भरून, कणीक बाहेर आली.

मी ती तळहातावर घेतली. पास्टीचं टोक होतं. मुरड शाबूत होती, तिला भोकाचा गोल आकारही आला नव्हता. त्यावरचं अक्षर 'जे' नव्हतं. 'एस' होता, आणि तो उलटा होता.

माझी आई फिनलंडहून आली तेव्हा तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. ती बघून बघून शिकली, आणि 'एस' तिनं जन्मभर उलटा काढला. माझ्या शाळेच्या डब्यातल्या प्रत्येक पास्टीवर तो असायचा. पोरी चिडवायच्या. मी घरी येऊन आईशी भांडायचे, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटाच टोचायची.

टोक गरम होतं. भट्टीतून काढून थोडा वेळ झाल्यावर असतं तितकं.

मी ते बाकड्यावर ठेवलं आणि वर एक वाटी पालथी घातली. मग आत जाऊन हात धुतले. आईची इतकी आठवण आली की नळ तसाच सोडून मी खुर्चीत बसून रडले. मग उठले, कारण इंजिन उघडं पडलं होतं.

नवा बुश मी रात्रभर तेलात बुडवून सकाळी बर्फाच्या कप्प्यात टाकला होता. थंडीनं तो किंचित आक्रसतो आणि भोकात सहज उतरतो. मी भोक पुसलं. पेन्सिल घातली, दोन पेरांवर पोलाद. टॉर्च मारला, चकचकीत, कोरडं. नवा बुश भोकाच्या तोंडाशी धरला, वर ठोकायचा पंच लावला आणि हलक्या हातानं मारलं. सरळ जातोय का हे बघण्यासाठी थोड्या ठोक्यांनंतर थांबावं लागतं. मी तिसऱ्या ठोक्यानंतर थांबले, कड तपासली, आणि शेवटचा एक मारून बुश बसवला.

तीन आणि एक. मला ते मारून झाल्यावर कळलं.

पंच अजून बुशवर टेकलेलाच होता. त्यातून माझ्या बोटांत एक ठोका आला. मग दुसरा. मग तिसरा. दूरचे, लोखंडाच्या लांब पाइपातून यावेत तसे. शेडमध्ये ऊन होतं, बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. पंच बाजूला टाकला, रेडिओ मोठ्यानं लावला आणि फ्लायव्हीलचे बोल्ट घट्ट करायला घेतले.

जुहानुसच्या संध्याकाळी सगळं गाव सरोवराकाठी शेकोटीला गेलं. मी गिअरबॉक्स जोडत होते. रेइनो दारात येऊन मासे ठेवून गेला. गाडी सुरू केली तेव्हा उजेड होता. उतारापुरता हँडब्रेक ओढून क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. नाकासमोर सहा नंबरचा मनोरा दिसत होता, आणि अंगणाचा उतार होता तसाच होता, पण क्लच दाबलेला होता आणि गाडी माझं ऐकत होती. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सकाळी काँक्रीटच्या गाड्या पोचल्या तेव्हा मी झाकणावर होते. कुंपणाचं फाटक रेइनोनंच त्यांच्यासाठी उघडं करून ठेवलं होतं, मी फक्त आधी आत शिरले. इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या, पुढच्या सीटवर कॉफीचा थर्मास. मागच्या सीटवर माझी हत्यारांची पेटी आणि घोंगडी पडलेली. वाटीखालचं ते टोक रुमालात बांधून बरोबर घेतलं होतं. ते अजून कोमट होतं. त्याचं काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं.

ड्रायव्हर लोक आधी हसले, मग वैतागले, मग घड्याळं बघायला लागले. ओलं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. रेइनो कुंपणाजवळ उभा राहून माझ्याशी बोलला. झाकणावर पाय ठेवायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, बघ, तुलाही खात्री नाही. तो लाल झाला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, बोलाव, पोलीस माझ्याच शाळेच्या बसमधून लहानाचा मोठा झालाय.

"तुला नेमकं काय हवंय, सिल्वी?"

"कॅमेरा. दोर. दोन तास. तू बघायचंस, तुझ्या डोळ्यांनी."

"आणि खाली हाडं दिसली तर?"

"तर वर आणायची. आईशेजारी जागा आहे."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. आमच्या बाबांची तीच सवय होती, आणि ती त्यानं कुणाकडून उचलली असणार हे मला कधीच समजलेलं नाही. मग तो वळला, ड्रायव्हरांपाशी गेला, आणि काही वेळानं गाड्या मागे मागे घेत निघून गेल्या. कॅमेरेवाल्याला फोन करायला सिग्नल मिळेल तिथपर्यंत जाऊन येतो, असं तो ओरडून म्हणाला आणि त्याची गाडीही गेली.

मी जिंकले होते. मी थर्मास उघडला.

शांत होतं. पाखरं नव्हती. झाकणातल्या त्या नळीतून थंड हवा येत होती, आणि तिला भाजलेल्या कणकेचा वास होता.

मग माझ्या तळव्यांना ठोके लागले. क्लचच्या पेडलमधून. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात.

तीन.

या वेळी मी थांबले. पळायला जागाही नव्हती.

दोन.

माणूस बसलाय, खाली सोडा. बसलेलं माणूस तिथं एकच होतं.

माझ्या खाली काँक्रीटमध्ये काहीतरी बारीक कुरकुरलं. रुमालातलं टोक मांडीवर एकदम ऊन लागलं. आईनं ताटावर बोलवावं तसं होतं ते सगळं, आणि कबूल करते, क्षणभर मला जावंसं वाटलं. खाली बाबा असतील, बुटांचा आवाज असेल, माझ्या नावाची पास्टी असेल.

आणि मग मला असा राग आला. इतकी वर्षं तिनं हॉर्न वाजवला तो काय यासाठी? वरच्यांनी खाली जायचं ठरलेलंच नव्हतं कधी.

"मी नाही येत," मी म्हटलं. "तुम्ही या."

मी हॉर्नवर हात ठेवला. तीन. मग थोडं थांबून, चांगला लांब, एक.

आवाज झाडांत जाऊन विरला. पेडल गप्प झालं. कुरकूरही थांबली.

कुंपणाबाहेर जोरी उभा होता. कधी आला ते मी पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मान मागे टाकून तो मनोऱ्याच्या टोकाकडे बघत होता.

वारा अजिबात नव्हता. गाडीच्या काचेवर गंजाची लाल भुकटी पडायला लागली, आधी चिमूटभर, मग सतत.

मी वर पाहिलं नाही. खाली उतरले, मागचं दार उघडलं, हत्यारांची पेटी आणि घोंगडी काढून पुढच्या सीटवर टाकली, आणि मागची सीट हातानं झाडून घेतली. बाबा, डिगरी आणि आई, तिथं तिघांना बसायचं होतं.